पुण्यातील घरांच्या पुरवठ्याचे व परवडण्याचे मोजमाप

पुण्यातील घरांच्या पुरवठ्याचे व परवडण्याचे मोजमाप म्हणजे पुणे महानगर प्रदेशात किती घरे मंजूर होतात, किती बांधून पूर्ण होतात, त्यांच्या किमती व भाडी किती आहेत आणि कोणत्या उत्पन्नगटातील कुटुंबांना ती घेता येतात, यांचा नियमित आढावा होय. या आढाव्यासाठी लागणारी माहिती महानगरपालिका, नोंदणी व मुद्रांक विभाग, महारेरा, म्हाडा, रिझर्व्ह बँक, राष्ट्रीय आवास बँक आणि जनगणना अशा अनेक यंत्रणांकडे विखुरलेली आहे. प्रत्येक यंत्रणा आपल्या कामापुरती मोजणी करते. त्यामुळे बांधलेल्या घरांची संख्या आणि घराची गरज असलेल्या कुटुंबांचे उत्पन्न ही दोन अंगे सहसा एकत्र तपासली जात नाहीत.

पार्श्वभूमी

पुणे महानगरपालिकेची स्थापना १९५० मध्ये झाली. १९६० नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात औद्योगिक वसाहत वाढली व विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील रोजगार वाढला. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची सुमारे १७ लाख होती. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती.

शहराची हद्दही बदलत गेली. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ गावे व २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली आणि तिचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. दोन महानगरपालिकांबाहेरील मोठ्या क्षेत्राचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आहे; पुणे, खडकी व देहूरोड ही कटकमंडळे वेगळी आहेत. एखादे गाव हद्दीत आले की तेथील जुनी घरे महानगरपालिकेच्या आकडेवारीत एकदम मिळवली जातात. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना हद्द तीच ठेवणे, किंवा संपूर्ण महानगर प्रदेश हे एकक धरणे आवश्यक ठरते.

घरांच्या पुरवठ्याची मोजणी

कागदावरील आराखड्यापासून राहते घर होईपर्यंत अनेक टप्पे असतात व प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळ्या दप्तरात होते.

बांधकाम परवानगी व प्रारंभ प्रमाणपत्र: या नोंदी महानगरपालिका किंवा पीएमआरडीएकडे असतात. येत्या काही वर्षांत किती घरे उभी राहू शकतील याचा अंदाज त्यांवरून येतो; परंतु मंजूर झालेला प्रत्येक प्रकल्प वेळेत सुरू होतोच असे नाही.

महारेरा नोंदणी: स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पाची नोंदणी, एकूण व विकलेल्या सदनिकांची संख्या, पूर्णत्वाची तारीख व तिमाही प्रगती ही माहिती विकासकाला जाहीर करावी लागते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीची अट लागू होत नाही. त्यामुळे पेठांतील लहान वाड्यांच्या जागी होणारे बांधकाम व उपनगरांतील गुंठेवारीची घरे या आकडेवारीबाहेर राहू शकतात.

भोगवटा प्रमाणपत्र: इमारत राहण्यायोग्य झाल्याचा हा अधिकृत पुरावा आहे. पूर्ण झालेला पुरवठा मोजण्यासाठी तो सर्वांत विश्वसनीय मानला जातो. मात्र हे प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींतही लोक राहत असल्याने तो परिपूर्ण नाही.

मिळकतकर आकारणी: महानगरपालिकेच्या करआकारणी नोंदींतून अस्तित्वातील निवासी मिळकतींची संख्या कळते. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला करात ४० टक्के सवलत दिली जाते. या सवलतीच्या नोंदींमुळे मालकाच्या वापरातील घरे आणि इतर घरे यांतील फरक काही प्रमाणात ओळखता येतो.

पुरवठा मोजताना एकूण भर व निव्वळ भर यांत भेद करावा लागतो. २० सदनिकांची जुनी इमारत पाडून तेथे ४५ सदनिका बांधल्यास नव्या घरांची संख्या ४५ असली, तरी शहरातील घरांत पडलेली निव्वळ भर २५ एवढीच असते. जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास वाढत असताना हा भेद न केल्यास पुरवठा प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो.

किमतींची नोंद

राज्याचे नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांचे कार्यालय पुण्यात आहे. या विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते ‘रेडी रेकनर’ या नावाने ओळखले जातात. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेले हे किमान मूल्य असते. बाजारभाव त्याहून अधिक किंवा कमी असू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या दस्तांतून प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत कळते. तीही करारात लिहिलेल्या रकमेपुरतीच असते.

राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक सुरू केला. त्यात पुण्याचा समावेश आहे. रिझर्व्ह बँकेचा तिमाही गृहमूल्य निर्देशांक नोंदणी कार्यालयांच्या माहितीवर आधारलेला असून २०१०-११ हे पायाभूत वर्ष असलेल्या त्याच्या मालिकेतील दहा शहरांत मुंबई होती, पुणे नव्हते. किंमत किती टक्क्यांनी वाढली हे निर्देशांक सांगतो. ती किंमत कुणाच्या आवाक्यात आहे हे त्यावरून कळत नाही.

व्यवहारांची संख्याही जपून वाचावी लागते. कोविड साथीच्या काळात राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ३ टक्के व त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के अशी कपात केली होती. सवलतीची मुदत गाठण्यासाठी खरेदीदारांनी दस्तनोंदणी लवकर उरकून घेतली. अशा महिन्यांतील वाढ ही पुढील मागणी अलीकडे आल्यामुळेही दिसते.

परवडण्याचे निकष

परवडणारे घर या संज्ञेची एकच व्याख्या रूढ नाही.

केंद्र शासनाने नेमलेल्या दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००८ मध्ये उत्पन्नाशी जोडलेला निकष सुचवला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीहून अधिक नसावी आणि मासिक हप्ता किंवा भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे. मध्यम उत्पन्न गटासाठी ही मर्यादा पाचपट व ४० टक्के असावी, असे त्यात म्हटले होते.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात ३ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाचे कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल व ३ ते ६ लाख रुपये उत्पन्नाचे कुटुंब अल्प उत्पन्न गटातील मानले गेले.

वस्तू व सेवा कराच्या १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येत मात्र उत्पन्नाचा उल्लेख नाही. त्यात किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत असावी, तसेच महानगरांत ६० व अन्यत्र ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र असावे, अशी अट आहे. या व्याख्येतील महानगरांत मुंबई महानगर प्रदेशाचा समावेश असून पुण्याचा नाही. म्हणून पुण्यात ९० चौरस मीटरची मर्यादा लागू होते. अशा बांधकामाधीन घरावर १ टक्का, तर इतर घरांवर ५ टक्के कर आकारला जातो.

या व्याख्यांतील अंतर पुढील गणितावरून स्पष्ट होते. ४५ लाख रुपयांच्या घरासाठी खरेदीदाराने २० टक्के, म्हणजे ९ लाख रुपये स्वतः भरले व उरलेले ३६ लाख रुपये ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३२,४०० रुपये येतो. हा हप्ता उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत राहण्यासाठी कुटुंबाचे मासिक उत्पन्न सुमारे १ लाख ८ हजार रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १३ लाख रुपये असावे लागते. याउलट वार्षिक ६ लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबाला चौपटीच्या निकषानुसार २४ लाख रुपयांचे व ३ लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १२ लाख रुपयांचे घर परवडते. कराच्या दृष्टीने ‘परवडणारे’ ठरलेले घर अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्याबाहेर राहू शकते.

व्याजदराचा परिणामही मोठा असतो. मासिक ५०,००० रुपये मिळवणारे कुटुंब ३० टक्क्यांच्या निकषानुसार १५,००० रुपये हप्ता भरू शकते. २० वर्षांच्या मुदतीत या हप्त्यावर ७ टक्के व्याजाने सुमारे १९ लाख ३५ हजार रुपये, तर ९ टक्के व्याजाने सुमारे १६ लाख ६७ हजार रुपये कर्ज मिळते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. घराची किंमत स्थिर असतानाही अशा काळात ते कमी कुटुंबांना परवडते.

भाडे व प्रवास

विद्यार्थी, नवे नोकरदार, बांधकाम मजूर व घरकामगार यांच्यासाठी खरेदीच्या किमतीपेक्षा भाडे अधिक महत्त्वाचे असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. त्यामुळे भाड्याची क्षेत्रनिहाय माहिती नोंदणी विभागाकडे जमा होते. वस्त्यांतील तोंडी ठरलेली भाडी व खाटेवारी घेतलेल्या जागा तिच्यात येत नाहीत. आणि ज्यांची परिस्थिती सर्वांत नाजूक, तेच बहुधा अशा जागांत राहतात.

कडेच्या गावांतील घर स्वस्त असले तरी रोजचा प्रवास व उन्हाळ्यातील टँकरचे पाणी यांचा खर्च त्यात धरावा लागतो. म्हणून भाडे किंवा हप्त्यासह हा खर्चही उत्पन्नाशी ताडून पाहिला असता परवडण्याचे अधिक खरे चित्र मिळते.

टंचाई आणि रिकामी घरे

केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या शहरी भागात १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची टंचाई असल्याचा अंदाज वर्तवला. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होती. उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा त्यात अल्प, सुमारे ५ लाख ३० हजार होता. सुमारे १ कोटी ५० लाख कुटुंबे अपुऱ्या जागेत दाटीने राहत होती. याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली.

टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी असू शकतात, कारण रिकामे घर व गरजू कुटुंब यांचा मेळ किंमत, ठिकाण आणि भाड्याने देण्याची मालकाची तयारी यांवर अवलंबून असतो. गुंतवणूक म्हणून घेतलेले बंद घर विक्रीच्या आकड्यांत यश म्हणून नोंदले जाते. दाटीने राहणाऱ्या कुटुंबाच्या स्थितीत मात्र त्याने फरक पडत नाही.

सर्वसमावेशक गृहनिर्माण

राज्य शासनाच्या २०१३ मधील धोरणानुसार १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखणे आवश्यक झाले. अशा घरांचे वाटप म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीद्वारे केले जाते. या तरतुदीचे फलित पाहताना मंजूर, पूर्ण, म्हाडाकडे कळवलेली, सोडतीत निघालेली व प्रत्यक्ष ताबा दिलेली अशी पाच स्तंभांची नोंद उपयुक्त ठरते. विजेत्याला कर्ज न मिळाल्याने सोडून दिलेली घरे स्वतंत्रपणे मोजल्यास सोडतीतील किंमत त्या गटाला झेपते की नाही हेही कळते.

मर्यादा

२०२१ ची जनगणना कोविड साथीमुळे होऊ शकली नाही व पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली. परिणामी शहरातील कुटुंबसंख्या, घरातील खोल्या व भाडेकरूंचे प्रमाण यांसाठी दीर्घकाळ २०११ च्या आकड्यांवर विसंबावे लागले. खासगी सल्लागार संस्था तिमाही विक्रीचे अहवाल देतात. त्यांचा भर संघटित विकासकांच्या नव्या प्रकल्पांवर असतो. शहरनिहाय कौटुंबिक उत्पन्नाची नियमित अधिकृत आकडेवारी उपलब्ध नसणे ही सर्वांत मोठी उणीव आहे, कारण परवडण्याच्या प्रत्येक गुणोत्तरात छेदस्थानी उत्पन्नच असते.

या उणिवांमुळे एकाच वर्षी विक्रमी विक्री व वाढती वस्ती ही दोन्ही विधाने खरी ठरू शकतात. म्हणून दरवर्षी पूर्ण झालेली निव्वळ घरे किंमत व आकारमानानुसार विभागून मांडणे, त्यांपुढे त्या किमतीसाठी लागणारे किमान उत्पन्न लिहिणे आणि महानगर प्रदेशातील कुटुंबांपैकी किती जण तेवढे मिळवतात याचा अंदाज देणे, ही अशा मोजमापाची किमान अंगे ठरतात. घरे कुणासाठी वाढली आणि कोण मागे राहिले, हे या तीन रकान्यांच्या तुलनेतून दिसते.