मॅकरॉन निवडताना : खडोलीतून घेतलेला मागोवा

खडोलीत मॅकरॉनचं दुकान नाही. सिल्वासाजवळच्या या गावात कारखान्यांची फाटकं आहेत, मालाचे ट्रक आहेत, आजूबाजूला वारली पाडे आहेत आणि पाळी सुटली की टपऱ्यांभोवती जमणारी माणसं आहेत. त्यामुळे मी आजवर खाल्लेला जवळजवळ प्रत्येक मॅकरॉन कुठल्या ना कुठल्या प्रवासात निवडलेला आहे. एखाद्या शहरात काम असायचं, ते आटोपून परतीच्या गाडीला वेळ असायचा आणि तेवढ्या वेळात काचेच्या कपाटापुढे उभं राहून ठरवायचं असायचं की या पेटीत काय काय घ्यायचं. गेल्या चौदा-पंधरा वर्षांत ही निवड कशी बदलत गेली ते मांडावंसं वाटलं.

सुरुवात 2010 पासून करायला हवी. पॅरिसच्या ल कॉर्दों ब्लूमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी त्या वर्षी मुंबईत ‘ल फिफ्टीन’ सुरू केलं आणि फ्रेंच मॅकरॉन हे त्या दुकानाचं ओळखपत्र ठरलं. त्याआधी आपल्याकडे मॅकरून म्हणजे बेकरीतला खोबऱ्याचा, वरून खरपूस आणि आतून चिवट. दक्षिणेत तुतुकुडीला काजूची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा टोकदार मॅकरून होतो. तोंडात टाकला की विरतो. त्याचं नातं पोर्तुगीजांशी जोडलं जातं. हे दोन्ही मला अजूनही मनापासून आवडतात आणि फ्रेंच भावंडापुढे त्यांना कमी लेखणं मला पटत नाही. फक्त त्यांच्यात निवडायचं काही नसतं. एकच चव असते, ती हवी तेवढी वजनावर घ्यायची.

फ्रेंच मॅकरॉननं निवड आणली. बदामाची पूड आणि पिठीसाखर चाळून फेटलेल्या बलकात मिसळायची, पत्र्यावर गोल चकत्या सोडायच्या आणि वरची साय सुकून बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत तशाच ठेवायच्या. भट्टीत गेल्यावर आतली वाफ वरची साय फोडू शकत नाही, म्हणून चकती खालून उचलली जाते आणि तळाशी ती सुबक झालर तयार होते. अशा दोन चकत्यांमध्ये सारण भरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पॅरिसच्या लादुरे घराण्यातले पिएर देफोंतेन यांना तिचं श्रेय दिलं जातं. लादुरेचं मूळ दुकान 1862 मधलं, रू रॉयालवरचं.

मुंबईत नवलाई होती तेव्हाच्या पेट्या आठवतात त्या रंगांनी. गुलाबी, पिस्त्याचा हिरवा, जांभळा, लिंबाचा पिवळा. माणसं रंगांची जुळणी करून पेटी भरायची, विशेषतः कुणाला भेट द्यायची असली की. पण रंग हा फक्त रंग असतो. बहुतेक मॅकरॉनच्या चकत्या चवीला सारख्याच असतात, कारण त्यांत बदाम आणि साखर यांखेरीज फारसं काही पडलेलं नसतं. सगळी चव सारणात. म्हणून काउंटरवरच्या मुलीला विचारायचा खरा प्रश्न एकच : “ताई, आत काय भरलंय? गनाश, बटरक्रीम की मुरंबा?” चांगल्या दुकानात याचं उत्तर लगेच मिळतं. जिथे “स्ट्रॉबेरी फ्लेवर आहे” एवढंच ऐकू येतं, तिथून मी पेटी घेत नाही.

या प्रश्नाला माझ्या बाबतीत आणखी एक कारण होतं, ते म्हणजे परतीची वाट. संध्याकाळची फ्लाइंग राणी मुंबई सेंट्रलहून निघते आणि वापीला उतरून पुढे रस्त्यानं खडोली. मे महिन्यात लेमन कर्ड भरलेला मॅकरॉन या वाटेवर टिकत नाही. कर्डमधलं पाणी चकतीत उतरतं आणि घरी पेटी उघडेपर्यंत तळ लगद्यासारखा होतो. बटरक्रीम पालघरच्या आसपासच ढिलं पडतं. टिकतो तो गडद चॉकलेटचा गनाश. त्यातही कॉफीचा किंवा समुद्री मीठ घातलेल्या कॅरॅमलचा असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशी तर तो आणखी चांगला लागतो, कारण मॅकरॉन लोणच्यासारखा मुरतो. सारणातला ओलावा सावकाश चकतीत शिरतो, आतला भाग मऊ होतो आणि वरचा पापुद्रा तेवढा कुरकुरीत राहतो. चांगले कारागीर भरल्यानंतर दिवसभर तो थंडाव्यात ठेवूनच विक्रीला काढतात. भट्टीतून ताजा म्हणून जे कौतुक पावाचं होतं, ते इथे लागू नाही.

पॅरिसला जाणं झालं तेव्हा ही समज उपयोगी पडली. रू बोनापार्तवर पिएर एर्मे यांचं 2001 पासूनचं दुकान आहे. जागा लहान, रांग बाहेरपर्यंत. लादुरेच्या शोभेच्या मानानं तिथे सगळं शांत आणि नेमकं. एर्मे साखर मिठासारखी वापरतात, म्हणजे इतर चवींना उठाव देण्यापुरती. ‘इस्पाहान’मध्ये गुलाब, लिची आणि रासबेरी असते. नुसता गुलाब आपल्या जिभेला गुलकंदाकडे घेऊन गेला असता, पण रासबेरीचा आंबटपणा त्याला तिथून परत आणतो. ‘मोगादोर’मध्ये दुधाळ चॉकलेटसोबत पॅशनफ्रूट. एक घास घेतला, चॉकलेट जिभेवर पसरलं आणि लगेच मागून त्या फळाची धार आली. मी फुटपाथच्या कडेला थांबून तो अगदी सावकाश संपवला. मॅकरॉनची चव कशी निवडावी, हे मला त्या घासानं शिकवलं. चकतीच इतकी गोड असते की आत आंबट, कडू किंवा खारट काहीतरी हवंच. गोडात गोड घातलं की दुसऱ्या घासाला जीभ थकते.

त्यानंतर मी आपल्याकडच्या चवींकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. आमच्या भागातलं अभिमानाचं फळ म्हणजे डहाणू-घोलवडचा चिकू. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूचा मॅकरॉन व्हावा असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं. पण चिकू स्वतःच साखरेचा गोळा, त्यात आंबटपणा नावालाही नाही. तो बर्फीत, मिल्कशेकमध्ये शोभतो. हापूस थोडा जमतो, पण तो पुरता पिकायच्या आधीचा हवा आणि सोबत लिंबाचा रस हवा. मला वाटतं या चकतीसाठी देवानं दिलेलं आपलं फळ कोकम आहे. रंग त्याचा स्वतःचा, आंबटपणा खोल आणि किंचित तुरट, आणि चॉकलेटशी त्याचं चांगलं जमतं. काळ्या गनाशमध्ये आगळाचे थेंब घालून कुणी मन लावून हा मॅकरॉन केला, तर मी त्यासाठी मुद्दाम गाडी पकडीन.

2020 नं हा सगळा सिलसिला तोडला. टाळेबंदीत धिंग्रा यांनी कुलाब्याचा कॅफे बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्यासारख्या दुरून येणाऱ्या ग्राहकाला ती बातमी फार लागली. पण त्याच काळात घराघरांतून बेकिंग सुरू झालं, आणि सिल्वासा-वापी पट्ट्यातही ऑर्डरप्रमाणे केक करून देणाऱ्या बायका पुढे आल्या. 2021 मध्ये लादुरे दिल्लीच्या खान मार्केटमध्ये आलं. तरी आमच्या भागापुरती मोठी घडामोड वेगळीच होती, ती अंड्याची.

इथे शेजारी गुजराती आणि जैन कुटुंबं पुष्कळ. पेटी पुढे केली की पहिला प्रश्न येतो, “बेन, आमां ईंडुं छे?” आणि मॅकरॉन तर अंड्याच्या बलकावरच उभा. वर्षानुवर्षं माझ्या शेजारणी पेटीकडे कौतुकानं पाहायच्या, मुलांना मात्र घेऊ द्यायच्या नाहीत. 2014-15 च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी प्रयोगकर्त्यांनी दाखवून दिलं की काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी फेटलं तर बलकासारखाच घट्ट फेस येतो. चण्यातली प्रथिनं आणि स्टार्च त्या पाण्यात उतरलेली असतात. आपण छोले करताना जे पाणी ओतून देतो, त्याचाच हा फेस.

चण्याच्या पाण्याचा मॅकरॉन करणं अधिक अवघड असतं. पाणी आटवून दाट करावं लागतं, आच मंद ठेवावी लागते. पावसाळ्यात तर आमच्या दमट हवेत चकतीवर साय धरायलाच तास जातात, आणि साय नीट धरली नाही तर झालर येत नाही, वर तडा जातो. पण वापीत घरून काम करणाऱ्या एका बाईंनी तो मला थंडीत करून दिला, आत कॉफीचा गनाश आणि वर चिमूटभर मीठ घालून. झालर थोडी वाकडी होती. चवीत मला उणं काही सापडलं नाही.

ती पेटी खडोलीच्या आमच्या जिन्यातच उघडली गेली. समोरच्या बेननी लेबल दोनदा वाचलं, मग अर्धा तोडून स्वतः खाल्ला आणि उरलेला अर्धा मुलाला दिला. त्यांना कॉफी जरा कडू वाटली. पुढच्या वेळी लिंबाचा सांगा म्हणाल्या. वापीहून खडोली काही फार लांब नाही, एवढ्या अंतरात लिंबाचं सारणही टिकेल. म्हणून ऑर्डर आता तशीच दिली आहे : अर्धे लिंबाचे, अर्धे कॉफीचे, आणि बाई तयार असतील तर दोन कोकमाचे.