हिशेबांत न सापडलेला कण

घरचा जमाखर्च लिहितांना शेवटीं रक्कम कमी भरली, तर बेरजेचा नियमच खोटा, असें आपण म्हणत नाहीं. कोणीतरी न सांगतां पैसे नेले असावेत, असें अनुमान करतों. पदार्थविज्ञानांतील असाच एक प्रसंग आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

कांहीं अणूंच्या गर्भांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. गर्भाची आरंभींची व अखेरची ऊर्जा ठरलेली असते. तेव्हां ह्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जाहि ठरीव हवी. परंतु १९१४ सालीं चॅडविक ह्यांना ती दर कणागणिक निराळी आढळली, आणि बहुधा कमीच! उरलेली गेली कोठें? ऊर्जा नाश पावत नाहीं, ह्या नियमावर तर सारें पदार्थविज्ञान उभें. नील्स बोर ह्यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञहि, अणुगर्भांत हा नियम केवळ सरासरीनें पाळला जात असेल, असें मानावयास तयार झाले.

४ डिसेंबर १९३० रोजीं वोल्फगांग पाउली ह्यांनीं एका पत्रांत दुसरा मार्ग सुचविला: विद्युद्भार नसलेला एक अदृश्य कण उरलेली ऊर्जा घेऊन जात असावा. १९३४ सालीं फर्मी ह्यांनीं ह्याच कल्पनेवर उपपत्ति रचली. कणास नांव मिळालें ‘न्यूट्रिनो’, म्हणजे छोटा तटस्थ.

पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. हा कण उभी पृथ्वीहि सहज भेदून जातो. त्यास पकडावें कसें? अणुभट्टींतून अशा कणांचा अखंड लोट वाहत असतो. त्यांतला एखादाच प्रोटॉनावर आदळतो, व त्यांतून पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निर्माण होतात. त्यांच्या खुणेचे, पाठोपाठ उमटणारे दोन प्रकाशस्फुरण रेन्स व कावन ह्यांनीं १९५६ सालीं टिपले. हिशेब जुळला, नियम अबाधित राहिला.

ह्या कथेंत मुंबईचाहि वांटा आहे. १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, कोलारच्या सोन्याच्या खाणींत दोन किलोमीटरांहून अधिक खोल उपकरणें मांडून वातावरणांत जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग काढला. इतर कण वरच्या खडकांतच अडावेत, म्हणून ही खोली.

१९९८ सालीं जपानमध्यें, हे कण वाटेंत आपला प्रकार बदलतात, असें दिसून आलें. त्यावरून त्यांस वस्तुमान आहे हें कळलें. तें नेमकें किती, हें मात्र अद्याप ठरलेलें नाहीं.

सूर्याकडून येणारे सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदास आपल्या नखाएवढ्या जागेंतून पार होतात. दिवसां छपरांतून, रात्रीं जमिनींतून. आपणांस त्यांची चाहूलहि लागत नाहीं. एका हिशेबांतील तूट कोणी मनावर घेतली नसती, तर ती कधींच लागली नसती.