बेदाणा, पोर्ट आणि उपाशी राहिलेलं यीस्ट

फेब्रुवारी-मार्च उजाडला की तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पट्ट्यात बेदाण्याची शेड भरायला लागतात. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश अशा वाणांचे घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि इथाइल ओलिएट, असं हे द्रावण असतं. त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. पंधरवड्यात ४ किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा उरतो. उडतं ते पाणी. साखर जागच्या जागी राहते. सांगलीच्या याच बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

पण एवढी साखर असूनही बेदाणा आंबत का नाही? द्राक्षरस उघडा ठेवला तर दोन-तीन दिवसांत फसफसतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. मात्र त्यासाठी त्याला मोकळं पाणी लागतं. बेदाण्यात ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास, तोही साखरेने धरून ठेवलेला. त्यामुळे यीस्टपुढे अन्न भरपूर असतं, पण पाण्यावाचून ते खाता येत नाही.

गोड फोर्टिफाइड, म्हणजे वरून स्पिरिट मिसळलेल्या, वाइनमध्ये हेच यीस्ट दुसऱ्या रीतीने रोखलं जातं. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यात पोर्ट वाइन बनते. तिथे रस आंबू लागतो आणि निम्मी साखर संपायच्या सुमारास त्यात ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. हिशेब सोपा आहे. ६ टक्के अल्कोहोल असलेल्या ४४० लिटर रसात ते २६ लिटर भरतं. ११० लिटर स्पिरिटमधून आणखी ८५ लिटर येतं. ५५० लिटर मिश्रणात १११ लिटर, म्हणजे २० टक्के. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट तग धरत नाही. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर न खाल्लेली राहते, आणि तीच या वाइनची गोडी.

स्पेनमधली पेद्रो हिमेनेझ ही वाइन तर दोन्ही युक्त्या जोडते. तिथे द्राक्षं आधी उन्हात वाळवतात, मग घट्ट रस काढून त्यात स्पिरिट मिसळतात. सांगलीत सुकवणी सावलीत होते, हा त्यातला फरक. आपल्याकडच्या द्राक्षासवात बाहेरून स्पिरिट घालत नाहीत. साताऱ्याच्या घाटांतही आढळणारी धायटीची फुलं त्यात टाकतात. फुलांसोबत यीस्ट येतं, अल्कोहोल तिथेच तयार होतं.

गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी प्रत्येक गोड लाल बाटली डौरोच्या पद्धतीची असेलच असं नाही. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का आधी वाचावा. तो १८-२० असेल तर झाकण उघडल्यावरही वाइन साध्या वाइनपेक्षा जास्त टिकते. कमी असेल तर फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी.

कढईत काय होतं?

‘शिजवलं की अल्कोहोल उडून जातं’ हा समज अर्धाच खरा आहे. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाण्यात मिसळलेलं हळूहळूच सुटतं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, मिश्रणात ढवळून १५ मिनिटं शिजवल्यावरही ४० टक्के उरतं. तासाभराने २५ आणि अडीच तासांनी ५ टक्के. उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर तब्बल ८५ टक्के राहतं. म्हणून अल्कोहोल टाळणाऱ्या, गरोदर किंवा लहान पाहुण्यांसाठी वेगळी वाटी काढावी.

दुसरी खबरदारी दुधाची. वाइनचा सामू ३.५ च्या आसपास असतो आणि दुधातलं केसीन ४.६ ला गोळा होतं. बासुंदीत वाइन ओतली तर ती फाटण्याचीच शक्यता जास्त. श्रीखंडात ही भीती नाही. चक्का मुळात आंबट आणि आधीच जमलेला.

त्यामुळे सांगलीचा बेदाणा आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना श्रीखंडासोबत आणायचं असेल, तर रुंद पातेल्यात पोर्टसारखी कपभर गोड वाइन मंद आचेवर निम्मी करावी. ती साखरेने घट्ट होते, आच वाढली तर तळाशी लागून कडवटपणा येतो. गॅस बंद करून मूठभर बेदाणा टाकावा. कोरड्या दाण्यात पाक शिरतो आणि तो फुगतो. स्ट्रॉबेरी पाक गार झाल्यावरच घालावी: गरम पाकात तिच्या पेशी फुटून ती लिबलिबीत होते, शिवाय वासाची नाजूक द्रव्यं वाफेबरोबर उडून जातात. शेवटी वाइनचा एखादा चमचा कच्चाच मिसळला की सुगंध परततो. त्या चमच्यातलं अल्कोहोल मात्र जसंच्या तसं राहतं, हे वाढणाऱ्याने लक्षात ठेवावं.