टकलावर टॅटू काढून घेण्याआधी

ऐन पंचविशीत कपाळ मागे सरकू लागले की मुलाचा आरशासमोरचा वेळ वाढतो. घरचे म्हणतात, लग्न जमायचे आहे, काहीतरी उपाय कर. मित्र मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. टक्कल पडलेला माणूस खुर्चीत बसतो आणि काही तासांनी त्याच्या डोक्यावर बारीक कापलेले केस असल्यासारखे दिसू लागते. याला स्काल्प मायक्रोपिग्मेंटेशन किंवा एसएमपी म्हणतात. साध्या भाषेत हा डोक्यावरचा टॅटू आहे. टॅटूच्या दुकानात आणि पार्लरमध्येही तो करून मिळतो. पैसे भरण्याआधी घरातल्यांनी मिळून वाचावे, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

हे नेमके काय असते?

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो. रंग तिथेच ठेवला तर तो टिकणार नाही. म्हणून बारीक सुईने तो खालच्या थरात, पण फार खोल न जाता, ठिपक्या-ठिपक्याने सोडतात. लांबून हे ठिपके केसांच्या खुंटांसारखे दिसतात. काम एका दिवसात संपत नाही. मध्ये काही दिवस सोडून 2 ते 4 बैठका लागतात.

यातून एकही केस उगवत नाही आणि केसगळती थांबत नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो फसवतो आहे, असे समजा.

किती वर्षे टिकते?

आपल्या आजीच्या हातावरचे गोंदण आठवा. गोंदले तेव्हा ते काळे आणि रेखीव होते. पुढे ते हिरवट-निळसर झाले आणि त्याच्या कडा पसरल्या. डोक्यावरच्या रंगाचेही असे होऊ शकते. सुई खोल गेली किंवा रंग जास्त सोडला गेला, तर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि डोक्यावर शाई सांडल्यासारखे दिसते.

काम चांगले झाले तरी रंग हळूहळू फिका पडतो. साधारण 3 ते 5 वर्षांनी तो पुन्हा भरावा लागतो. बांधकामावर, हातगाडीवर किंवा डिलिव्हरीच्या कामावर दिवसभर उन्हात असणाऱ्यांचा रंग लवकर उतरतो. म्हणजे हा खर्च एकदाच करून भागत नाही. कर्ज काढून करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. रंग जागेवर राहतो, पण डोके बदलत जाते. पंचविशीत कपाळाजवळ रेषा काढली आणि पस्तिशीत केस आणखी मागे गेले, तर मधली जागा उघडी पडते. चाळिशीनंतर केस पांढरे होतात, ठिपके मात्र काळेच राहतात. शिवाय हे खरे वाटावे म्हणून उरलेले केस कायम बारीक कापून ठेवावे लागतात.

धोके कोणते?

सर्वांत मोठा धोका सुईचा आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. सुई नवी असली तरी रंग दूषित असू शकतो. 2011-12 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका टॅटू काढणाऱ्याकडून टॅटू काढून घेतलेल्या 19 जणांना एका जिवाणूचा संसर्ग झाला. कारण तयार मिळालेल्या राखाडी शाईतच तो जिवाणू होता. हा क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला आहे. त्याच्या गाठी किंवा पुरळ काही आठवड्यांनी उठते आणि नेहमीच्या औषधांनी सहसा बरे होत नाही. असे जंतू नळाच्या पाण्यातही असतात. म्हणून रंग नळाच्या किंवा ड्रममधल्या पाण्याने पातळ केलेला चालत नाही.

काहींना रंगाची ॲलर्जी येते. खाज आणि सूज अनेक महिन्यांनीही उद्भवू शकते.

पुढील लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये :

- जखमेचा व्रण ज्यांच्या अंगावर जाड, फुगीर होतो. सावळ्या कातडीत हे जास्त आढळते.
- सोरायसिस किंवा कोड असलेले. सुईच्या जागी हाच आजार नव्याने उमटू शकतो.
- साखर आटोक्यात नसलेले मधुमेही आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे.
- गरोदर स्त्रिया.
- डोक्यात फोड, नायटा किंवा पू असलेले.

अठरा वर्षांखालील मुलांनी हे करूच नये. डोक्यावर तीळ असेल तर त्यावर रंग भरू देऊ नका. तिळात पुढे काही बदल झाला तर तो दिसणार नाही.

करायचेच ठरले तर

सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. रंगाची बाटली सीलबंद आहे का, तिच्यावर मुदतीची तारीख आहे का, ते पाहा. कारागीर नवे हातमोजे घालतो का, तेही पाहा. त्याने आधी केलेले काम दोन-तीन वर्षांनी कसे दिसते, ते दाखवायला सांगा. ताज्या कामाचे फोटो पाहून काहीच कळत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आधी तिचे तीन डोस पूर्ण करा. त्याला सुमारे सहा महिने लागतात.

नंतरचे काही दिवस डोक्याला तेल लावू नका, खपल्या काढू नका, ऊन आणि घाम टाळा. लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठा आणि टॅटू काढल्याचे डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग वाढतो.

सुईबद्दल शंका वाटली तर लाजू नका. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. आधी वापरलेली सुई लागल्याचे कळले, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधे या वेळेतच सुरू करावी लागतात.

टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही. 14 एप्रिलच्या आणि 6 डिसेंबरच्या शिबिरात रक्त देणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. एमआरआयची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञालाही टॅटूबद्दल सांगावे.

काढून टाकता येते का?

येते, पण सहज नाही. लेसरचा झोत रंगाच्या कणांचे तुकडे करतो आणि शरीरातील पेशी ते हळूहळू वाहून नेतात. म्हणून दोन बैठकांत 6 ते 8 आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि अशा अनेक बैठका लागू शकतात. काही तासांत काढलेले पुसायला महिने जातात. दर वेळी वेगळा खर्च होतो आणि कधी पुसट छटा उरतेच.

आपल्या कातडीतही नैसर्गिक रंग असतो आणि लेसर त्यावरही काम करतो. त्यामुळे सावळ्या कातडीवर पांढरे किंवा गडद डाग पडण्याची शक्यता जास्त असते. काही रंगांत लोह किंवा टायटॅनियमचे संयुग असते. असा रंग लेसरने जाण्याऐवजी उलट काळा पडू शकतो. म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे आणि आधी छोट्याशा जागेवर करून पाहावे. ॲसिड, मीठ घासणे, टॅटू घालवणारी क्रीम या वाटेला जाऊ नका. रंग जाईलच असे नाही, व्रण मात्र राहील आणि त्या जागी पुन्हा केस येणार नाहीत.

आधी कारण शोधा

रोज 50 ते 100 केस गळणे हे नेहमीचेच आहे. त्याहून जास्त गळत असतील तर त्याला कारण असते. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस खूप गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. स्त्रियांमध्ये रक्तातले लोह कमी असणे किंवा थायरॉइड हे कारण असू शकते. चाई पडली असेल तर तिथे केस पुन्हा येऊ शकतात. मुलांच्या डोक्यातला नायटा औषधाने बरा होतो. यांपैकी कशावरही टॅटू हा उपाय नाही. रंगाखाली आजार तसाच राहतो.

वाडवडिलांकडून आलेल्या टकलावरही औषधे आहेत. मिनॉक्सिडिलचा फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि ते बंद केले की गुण ओसरतो. फिनास्टराइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रीने तिचे तुकडे हातातही घेऊ नयेत.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे, पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरात घाटी, नागपुरात मेडिकल आणि मेयो येथे त्वचारोग विभाग आहेत. एकदा केसपेपर काढून डोके दाखवून या. कारण कळले, औषध घेऊन पाहिले, सहा महिने थांबलो आणि तरीही टॅटू हवा वाटला, तर तो निर्णय तुमचा. वडिलांचे टक्कल पाहून मुलगी नाकारणारे घर ठिपके पाहूनही काहीतरी खोड काढेलच. त्यांच्यासाठी कर्ज काढून डोक्यात सुया टोचून घेऊ नका, एवढेच आमचे सांगणे आहे.