‘दोन मिनिटांचं काम’ आणि काढून ठेवलेला गार्ड

पनवेल तालुक्यातील आमचे विचुंबे सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात येते. इथे एकामागून एक इमारती उभ्या राहत आहेत आणि सकाळपासून कुठे ना कुठे ड्रिलचा आवाज चालू असतो. कुणाला पडद्याचे रॉड बसवायचे असतात, कुणाला खिडकीची ग्रिल. प्रत्येक वेळी कारागीर बोलावणे परवडत नाही. म्हणून आम्हीही एक ड्रिल मशीन आणि चार इंची ग्राइंडर घेतला. हळूहळू तो शेजारीपाजारी फिरू लागला.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी ग्राइंडर परत आला, तो गार्डशिवाय. “आड येत होता, म्हणून काढला,” एवढेच उत्तर मिळाले. सुऱ्यांना धार लावायची होती. “दोन मिनिटांचं काम आहे, अम्मी,” म्हणत धाकट्याने लोखंड कापायची पातळ डिस्क तशीच ठेवली आणि सुरीचे पाते तिच्या सपाट बाजूला टेकवले. डिस्क फुटली. एक तुकडा त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. अल्हम्दुलिल्लाह, इजा झाली नाही. पण त्या रात्री आम्ही सगळे बसलो आणि नेमके काय चुकले ते समजून घेतले.

चूक एक नव्हती. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे डिस्कच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. पातळ डिस्क फक्त कडेने कापण्यासाठी असते. बाजूने दाब पडला की ती तडकते. घासण्यासाठी जाड डिस्क वेगळी मिळते. फुटलेला तुकडा अडवणारा गार्ड तर आधीच निघालेला होता. आणि सुरीला ग्राइंडर लावूच नये. पाते तापून निळे पडते, त्याचा कडकपणा जातो आणि धार टिकत नाही. त्यासाठी साधा धारेचा दगडच बरा.

डिस्क घेताना तिच्यावरचा आकडा वाचावा. तिची फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवी. सात इंची डिस्कची मर्यादा साधारण ८,५०० असते. गार्ड काढून ती छोट्या यंत्रावर बसवणे म्हणजे संकटाला बोलावणे. अनेक डिस्कच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतही छापलेली असते. ओल लागलेली, कड उडालेली डिस्क सरळ फेकून द्यावी. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला कधीच लावू नये. ते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते.

डिस्क बदलण्याआधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. नवी डिस्क माणसांपासून दूर धरून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवावी. बाजूचा दांडा लावून यंत्र दोन्ही हातांनी धरावे. बटण बंद केल्यावरही डिस्क काही वेळ फिरत राहते. ती थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये.

डोळ्यांना गॉगल हवाच. नजरेचा चष्मा त्याचे काम करत नाही. ओढणी, दुपट्टा, सैल कुर्ता, लोंबती बाही आणि मोकळे केस फिरत्या यंत्रापासून लांब ठेवावेत. ड्रिल चालवताना सैल हातमोजेही नकोत. लाद्या किंवा ग्रॅनाइट कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस होऊ शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नये, शॉक बसेल. पाण्याची सोय असलेले कटर त्यासाठीच असते.

देखभाल फार अवघड नाही. काम झाले की हवेच्या जाळ्यांतली धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने काढावी. आत जास्त ठिणग्या दिसल्या किंवा यंत्र अडखळत चालले, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. दोन्ही एकदम बदलावेत. वायर यंत्रात शिरते तिथे ती सोललेली नाही ना, हे दर वेळी पाहावे. चिकटपट्टी लावलेली वायर पावसाळ्यात वापरू नये. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असावा आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे.

रमजानमध्ये असरनंतर हात थकलेले असतात आणि घसा कोरडा पडलेला असतो. त्या वेळी ग्राइंडर हातात घेऊ नये. ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी करावे.

तरीही अपघात झालाच, तर डोळा चोळू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. बोट तुटले तर जखम दाबून धरावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात टाकू नये. मग १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.

आमच्या घरी आता ग्राइंडरच्या पेटीत गार्ड, दांडा, पाना आणि गॉगल एकत्र राहतात. कुणी मागितला तर पेटीच द्यायची आणि परत घेताना उघडून पाहायची, असे ठरले आहे. मागून आणलेली वस्तू अमानत असते, हे आपण मुलांना शिकवतोच. ती वापरणारा हात आणि डोळाही अमानतच आहे, हेही त्यांना सांगायला हवे.