दहाच्या आत घरात!

मे महिना, मुलांची सुट्टी आणि डोक्यावर तळपणारं ऊन... तरीही बच्चेकंपनीला घेऊन बाहेर पडायचंय? मग सरळ वेंगुर्ल्याचं टाइमटेबल कॉपी करा!

मुलांच्या परीक्षा संपल्या रे संपल्या, की आपल्यासारख्या नोकरदार आईबापांची परीक्षा सुरू होते. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला, बागेतली घसरगुंडी तव्यासारखी तापलेली. मॉलच्या एसीत मुलांना फिरवून फिरवून किती फिरवणार? म्हणून चार दिवसांची रजा टाकली आणि आठ वर्षांची लेक, पाच वर्षांचा लेक यांना घेऊन वेंगुर्लं गाठलं.

आता 'कोकणात मस्त गार असतं' या भ्रमात राहू नका. मे महिन्यात वेंगुर्ल्याचा पारा 33-34 अंशांच्या आसपास असतो. ऐकायला कमी वाटतं, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर अंग गार कसं होणार? त्यात लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात ती पाणीही मागत नाहीत. मग इथली माणसं काय करतात? दिवसाचे दोन तुकडे! सकाळी दहापर्यंत एक, दुपारी साडेचारनंतर दुसरा. मधला वेळ घरात. आम्हीही हाच फंडा वापरला.

सकाळची पाळी

पहिली सकाळ मांडवीच्या खाडीत. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून इथे कांदळवन सफारी चालवतात. होडीला इंजिन नाही, त्या स्वतः वल्हवतात. त्यामुळे गोंगाट नाही आणि बगळे, खंड्या घाबरून उडूनही जात नाहीत. चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे झाडाची श्वास घेणारी मुळं, हे कळल्यावर लेकीचे प्रश्न काही थांबेनात. पुस्तकातला अख्खा धडा तासाभरात!

दुसरी सकाळ काजूच्या बागेत. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 पासून आहे. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती इथल्याच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबाही इथलाच आणि पातळ कोयीचा 'सिंधू'सुद्धा! केंद्र बघायचं असेल तर आधी विचारून जा. बी फळाच्या बाहेर लटकते, हे पाहून शहरातली पोरं चाटच पडतात. फक्त कच्ची काजू बी त्यांना दातांनी फोडू देऊ नका. टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं.

आणि कासवं? वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. पिल्लं बघायची तर मार्च-एप्रिलमध्ये या. अंड्यातून बाहेर आलेली ही पिल्लं वाळूखाली दबा धरून बसतात आणि वरची वाळू गार झाली की मगच, बहुतेक रात्री किंवा पहाटे, समुद्राकडे धूम ठोकतात. दोन-तीन इंचांच्या जिवाला जे कळतं, ते आपल्याला का कळू नये?

दुपार सक्तीची!

दहा वाजता उकड्या तांदळाची गरम पेज. सोबत मीठ आणि लोणचं. पाणी, मीठ, ताकद... सगळं एका वाडग्यात! नंतर लेकाने चपला शोधायला सुरुवात केली की आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकी पडवीतूनच ओरडायच्या, "उन्हात खंय चल्लंस रे झिला?" आमचं न ऐकणारा हा पठ्ठ्या त्यांचं मुकाट्याने ऐकायचा. मग कोकम सरबत, फणसाचे गरे, पत्त्यांचे डाव आणि झोप. पहिल्या दिवशी 'बोअर होतंय'चा गजर झाला. दुसऱ्या दिवशी सागरगोटे सापडले आणि मोबाइल कुठे ठेवलाय तेही कुणी विचारलं नाही.

संध्याकाळ समुद्राची

भूगोलातले खारे वारे आठवतात? दिवसा जमीन तापली की समुद्रावरून वाहणारे? चारनंतर सागरेश्वरच्या किनाऱ्यावर ते अंगावर घ्या, मग एसीची आठवणही येणार नाही. सुरूची सावली, वाळूचे किल्ले, बंदरावर परतणाऱ्या होड्या. अंधार पडला की दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकतो. दोन चमकांमधले सेकंद मोजायचा खेळ आमच्याकडे रोज रंगला.

पण इथे एक गोष्ट अगदी सीरियसली. ऑक्टोबर 2025 मध्ये जवळच्याच शिरोडा-वेळागर किनाऱ्यावर सहलीला आलेल्या कुटुंबातली माणसं बुडाली. समुद्र वरून शांत दिसतो, ओढ आत असते. स्थानिक 'नको' म्हणाले तर नको. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायचं नाही आणि एका मोठ्या माणसाचे डोळे कायम त्यांच्यावर. फोटो नंतर!

रेडी, आरवली, शिरोडा... आमच्या यादीतली निम्मी ठिकाणं राहूनच गेली. पण चार दिवसांत ना कुणाला ताप आला, ना गाडीत रडारड झाली. सुट्टीत 'पॉइंट' किती पाहिले यापेक्षा मुलं संध्याकाळी पुन्हा पळायला तयार होती, हे महत्त्वाचं. आणि हे टाइमटेबल काय फक्त वेंगुर्ल्याचंच? पुण्यात पर्वतीसुद्धा सकाळी लवकर गाठता येतेच की!

निघण्यापूर्वी

• कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. तिथून एसटी किंवा रिक्षा.
• खाडीची सफर भरती-ओहोटीवर अवलंबून असते. वेळ आदल्या दिवशी विचारा.
• सुती, सैल, लांब बाह्यांचे कपडे, टोपी आणि प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली.
• मूल गळून गेलं, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर लगेच सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट घोट पाणी द्या. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

मग, अलार्म कितीचा लावताय?