कुंडल : सरहद्दीच्या आडोशाचं गाव

पलूस तालुक्यातलं कुंडल हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याचा इतिहास समजून घ्यायचा, तर मात्र जुना नकाशा उघडायला हवा. १९४८ पर्यंत कुंडल औंध संस्थानात होतं, आणि भोवताली होता इंग्रजी मुलूख. ही सरहद्दच गावाच्या पथ्यावर पडली.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तिथं लोखंडी नांगर घडू लागले. आज त्या स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी आहे.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारलाही, १९४३ ते ४६ या काळात, हाच आडोसा मिळाला. संस्थानी हद्दीत इंग्रजांच्या पोलिसांचे हात थोडे आखडत. तुफान सेनेचे जवान कुंडलात तयार झाले. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड इथलेच. ७ जून १९४३ ला त्यांच्या साथीदारांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली.

आज डोंगरावर झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही जैन तीर्थं आहेत, गावात बापूंच्या नावाचा साखर कारखाना आहे. हे सगळं डोळ्यांना दिसतं. पुसली गेलेली सरहद्द दिसत नाही. शाळेतल्या फळ्यावर ती रेघ एकदा तरी काढून दाखवावी. एरवी मुलांना काय घडलं ते पाठ होईल. इथंच का घडलं, ते कळायचं नाही.